बाबांसाठी आली असती, तर परत जाता आलं नसतं: परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

अमेरिकेने कोणाला देशात घ्यावं आणि कोणत्या अटीवर, हे अमेरिकेने ठरवायचं. त्यांचा कायदा बदलून द्या असं मागायला मी हे पत्र लिहीत नाही. माझं मागणं इथल्या, म्हणजे नाशिकच्या हॉस्पिटलातून आणि महापालिकेच्या खिडकीतून निघणाऱ्या, गंभीर आजाराच्या किंवा मृत्यूच्या कागदाबद्दल आहे. आपल्या वकिलातींनी त्या कागदाला द्यायच्या हमीबद्दल आहे. तो कागद नीट आणि वेळेवर निघाला असता, तर अमेरिकेत असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला बाबांचं तोंड बघायची निदान संधी मिळाली असती.

आपण स्वतः २०१३ ते २०१५ या काळात वॉशिंग्टनमध्ये आपले राजदूत होतात, त्यामुळे तिथली पद्धत आपल्याला मी सांगायची गरज नाही. पण गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, नाशिकरोड, कुठल्याही सोसायटीत विचारा, कोणाचं ना कोणाचं मूल तिकडे आहे. २०२३-२४ या एका शैक्षणिक वर्षात ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी अमेरिकेत शिकत होते. त्यांतली काही तिथेच लग्न करतात. त्यांच्या आईवडिलांसाठी ही गोष्ट जरा उलगडून सांगतो.

माझी बहीण इथे इंजिनिअरिंग करून एमएससाठी टेक्सासला गेली. शिक्षण झालं, ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ तिथे काम करायच्या विद्यार्थ्यांच्या परवानगीवर, नोकरी लागली, आणि तिने तिथल्या एका मुलाशी लग्न केलं. तो अमेरिकेचा नागरिक आहे. लग्नानंतर त्याने तिच्यासाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकासाठी नागरिकाने करायचा अर्ज, भरला आणि तिने सोबत आय-४८५, म्हणजे देशाबाहेर न जाता तिथेच ग्रीन कार्ड मिळवण्याचा अर्ज. इथपर्यंत सगळं सरळ. पेच पुढे आहे. हा अर्ज प्रलंबित असताना, 'ॲडव्हान्स पॅरोल' नावाची परवानगी हातात पडण्याआधी अर्जदार अमेरिकेबाहेर गेला, तर त्याने अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. एच-१बी किंवा एल-१ या नोकरीच्या व्हिसांवर असणाऱ्यांना आणि त्यांच्या जोडीदारांना यातून सूट आहे, ते आपल्या व्हिसावर परत येऊ शकतात. विद्यार्थी म्हणून गेलेल्याला ती नाही. शिवाय एकदा ग्रीन कार्ड मागितलं की विद्यार्थी व्हिसावर परत शिरताही येत नाही, कारण तो व्हिसा शिकून मायदेशी परतणाऱ्यासाठी असतो.

ही परवानगी आय-१३१ या वेगळ्या अर्जावर मिळते. २००७ पासून बरीच वर्षं आय-४८५ च्या शुल्कातच तो अर्ज येत असे, म्हणून सगळेच भरून टाकत. १ एप्रिल २०२४ पासून त्याचे वेगळे ६३० डॉलर लागू झाले. आय-४८५ चे १४४०, कामाच्या परवान्याचे २६०, आय-१३० चे आणखी निराळे, वर वकील. नव्याने संसार मांडणारी मुलं अशा वेळी कुठे हात आखडतात? आय-१३१ वर. आईवडील धडधाकट आहेत, वर्षभर जायचं नाहीच, नंतर बघू. त्या मुलांना मी दोष देणार नाही. पंचविशी-तिशीतलं कोणीही वडिलांच्या मरणाची तरतूद म्हणून पन्नास हजार रुपये बाजूला काढत नाही. आणि ज्यांनी पैसे भरले त्यांनाही मंजुरीसाठी महिनोन्महिने थांबावं लागतं.

बाबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा बहिणीने अर्ज भरलेला होता. मंजुरी यायची होती.

अशा प्रसंगासाठी अमेरिकेच्या नियमांत वाट आहे, हे मी मुद्दाम नोंदवतो. जवळचं माणूस गंभीर असेल किंवा गेलं असेल, तर त्यांच्या इमिग्रेशन खात्याच्या संपर्क केंद्राला फोन करून जवळच्या कार्यालयात तातडीची भेट मागता येते. सोबत भरलेला आय-१३१, शुल्क, फोटो आणि पुरावा न्यायचा. अधिकाऱ्याला पटलं तर परवानगी तिथेच हातात मिळू शकते. तिने फोन केला. समोरून पहिला प्रश्न आला, पुरावा काय?

तो पुरावा मी नाशिकमध्ये मिळवायचा होता. बाबा एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत होते. मी पत्र मागितलं, मिळालंही, पण त्यात एवढंच होतं की रुग्ण दाखल असून उपचार सुरू आहेत. प्रकृती गंभीर आहे, जिवाला धोका आहे, जवळच्या नातेवाइकांनी येणं आवश्यक आहे, यातलं अक्षरही नाही. डॉक्टरांचं नाव वाचता येईना, त्यांचा नोंदणी क्रमांक नाही, पडताळणीसाठी फोन नाही. बाबांचं नाव आधार कार्डाप्रमाणे, आडनाव आधी. बहिणीच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव उलट क्रमाने, आडनाव शेवटी. आपल्याकडे या फरकाकडे कोणी ढुंकून पाहणार नाही. टेक्सासच्या कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याला मात्र ही दोन माणसं वाटू शकतात.

मी पुन्हा गेलो. आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलचे निवासी डॉक्टर, म्हणाले, मोठे डॉक्टर राउंडला आल्यावर बघू. मोठे डॉक्टर म्हणाले, 'गंभीर' असं लेखी दिलं आणि उद्या काही वाद निघाला तर आम्ही अडकतो. प्रशासनाच्या टेबलावर सांगितलं, आमचा ठरलेला नमुना हाच आहे. यातलं कोणी वाईट नव्हतं. अर्ध्या रात्री बाबांसाठी धावणाऱ्या सिस्टर आणि वॉर्डबॉय मी पाहिलेत. पण असा कागद कसा लिहायचा, तो द्यायची जबाबदारी कोणाची, हे त्या इमारतीत कोणालाच माहीत नव्हतं, कारण ते कोणी कधी ठरवून दिलेलंच नाही. शेवटी ओळखीच्या एका डॉक्टरांनी मध्यस्थी केली तेव्हा हवं तसं पत्र मिळालं. ज्याच्या ओळखीत डॉक्टर नाही त्याने काय करायचं?

बहिणीला भेटीची वेळ मिळाली, आणि त्या भेटीच्या आधीच बाबा गेले.

आता कारण बदललं होतं. आजाराचं पत्र निरुपयोगी झालं, आता मृत्यूचा दाखला हवा. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा, त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन नोंदी डिजिटल करायच्या ठरल्या. नोंद करायला २१ दिवसांची मुदत आहे. घरच्या वारस नोंदीला, बँकेला, विम्याला ती पुरेशी आहे. पण हॉस्पिटलातून माहिती महापालिकेकडे जायची, तिथे ती तपासली जायची, मग दाखला निघायचा. आम्ही पंचवटीच्या अमरधामातून घरी आलो तेव्हा त्या वाटेवरची पहिली पायरीसुद्धा झालेली नव्हती. बहीण तिकडे वडील गेल्याचा कागद मागत होती आणि मी इकडे, अजून नोंद आलेली नाही, हे उत्तर ऐकत होतो.

तिने ठरवलं होतं, अर्ज गेला तर गेला, मी निघते. तिला आईने थांबवलं. नवऱ्याच्या पार्थिवाशेजारी बसून आईने फोनवर सांगितलं, 'येऊ नकोस. तुझा संसार मोडेल.' महोदय, कुठल्याही आईवर लेकीला हे सांगायची पाळी येऊ नये, एवढ्यासाठीच मी लिहायला बसलो.

आई घाबरली ते अकारण नव्हतं. बहीण निघून आली असती तर आय-४८५ संपला असता. नवऱ्याचा आय-१३० टिकला असता, पण मग प्रक्रिया इथून, मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीतून. म्हणजे नव्याने कागदपत्रं, नव्याने रांग, नव्याने मुलाखत, आणि तोवर नवराबायको दोन देशांत. ज्यांचा मुक्काम अर्ज भरण्याआधीच बेकायदा ठरलेला असतो त्यांचं तर याहून वाईट. त्यांच्या १९९६ च्या कायद्याप्रमाणे १८० दिवसांहून जास्त असा मुक्काम झाल्यावर बाहेर पडणाऱ्याला ३ वर्षं आणि वर्षभर झाला असेल तर १० वर्षं परत येता येत नाही. हातात ॲडव्हान्स पॅरोल असेल तर त्यावर केलेला प्रवास या १० वर्षांच्या बंदीसाठी 'बाहेर जाणं' धरला जात नाही, असा निर्णय त्यांच्या इमिग्रेशन अपील मंडळाने २०१२ मध्ये दिला. तो खटला भारतातल्या म्हाताऱ्या आईवडिलांकडे ये-जा करणाऱ्या एका भारतीय दांपत्याचाच होता. त्या एका कागदाने माणसाच्या आयुष्याची १० वर्षं वाचू शकतात. आणि परवानगी असली तरी परतताना विमानतळावरचा अधिकारी आत सोडेलच अशी हमी नसते, ती धाकधूक वेगळी.

याच दिवसांतली दुसरी एक गोष्ट सांगतो. आमच्या जावयांना यायचं होतं. बहीणच म्हणाली, आपल्यातलं कोणीतरी जा. आपल्या तिथल्या वाणिज्य दूतावासाने त्यांना तातडीने व्हिसा दिला, अगदी आपुलकीने दिला, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. दशक्रियेला रामकुंडावर ते माझ्या शेजारी उभे होते. ज्याचा पासपोर्ट अमेरिकेचा, तो बाबांच्या दशक्रियेला पोचला. जिचा पासपोर्ट भारताचा, ती पोचू शकली नाही. आपली माणसं ठरवतात तेव्हा केवढ्या वेगाने काम करतात हे मी त्यात पाहिलं, म्हणून हे सगळं अशक्य आहे असं मला कोणी सांगितलं तर मी मानणार नाही.

माझी पहिली मागणी त्या कागदाचीच. गंभीर आजार आणि मृत्यू, दोन्हींसाठी एक इंग्रजी नमुना ठरवून द्या: रुग्णाचं नाव पासपोर्टवरच्या आणि आधारवरच्या अशा दोन्ही रूपांत, परदेशातल्या अर्जदाराशी नातं, प्रकृतीची स्पष्ट नोंद, डॉक्टरांचं नाव व नोंदणी क्रमांक, पडताळणीसाठी फोन आणि ईमेल. मागितल्यापासून एका दिवसात तो देणं हॉस्पिटलला बंधनकारक असावं, आणि त्यातल्या मजकुरामुळे डॉक्टरांवर ठपका येणार नाही हेही त्यातच लिहिलेलं असावं. आरोग्य हा राज्याचा विषय आहे, नोंदणीचा कायदा केंद्राच्या गृहखात्याकडे आहे, हे मला ठाऊक आहे. पण परदेशातल्या भारतीयांचं खातं आपलं आहे. या सगळ्यांना एका टेबलाशी आपणच बोलावू शकता. मृत्यूच्या बाबतीत दाखला निघेपर्यंत हॉस्पिटलच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर जिल्हाधिकारी कार्यालयातून तात्पुरतं पत्र मिळालं तरी मुलांचं काम होईल.

मग त्या कागदाला वजन हवं. आपल्या मंत्रालयाची ई-सनद ही ऑनलाइन साक्षांकनाची सोय आहे, २०१५ पासून तक्रारींसाठी 'मदद' पोर्टल आहे. वॉशिंग्टनचा दूतावास आहे, न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा आणि सिएटलला वाणिज्य दूतावास आहेत. नाशिकहून अपलोड झालेला कागद तिथल्या आपल्या अधिकाऱ्याने हॉस्पिटलला फोन करून तपासावा आणि 'हा कागद आम्ही पडताळला आहे' असं पत्र मुलीच्या हातात द्यावं. ते पत्र घेऊन ती अमेरिकी कार्यालयात जाईल. निर्णय त्यांचाच राहील, पण शंकेला जागा कमी राहील. आजच्या घडीला त्या काउंटरवर आपली मुलं एकटी उभी असतात.

अमेरिकेशी वाणिज्य दूतावासांच्या प्रश्नांवर आपली नियमित बोलणी होतात. त्यांत व्हिसाच्या मुलाखतींची प्रतीक्षा असते, एच-१बी असतो. आईवडील, जोडीदार किंवा मूल मरणाच्या दारात असेल तेव्हा, आपल्या दूतावासाने पडताळलेल्या कागदावर तातडीची भेट दोन दिवसांत मिळावी, एवढी एक ओळ त्या विषयपत्रिकेत घाला. याने कोणाला ग्रीन कार्ड जास्त मिळणार नाही, कोणाचं आधी मिळणार नाही.

आणि सावधगिरीचा शब्द आधी पोचवा. पासपोर्ट सेवा केंद्रात, विद्यापीठांच्या परदेश शिक्षण मेळाव्यांत, दूतावासांच्या संकेतस्थळांवर मराठीसह आपल्या भाषांत ठळक लिहा की लग्नावर ग्रीन कार्ड मागत असाल तर आय-४८५ सोबतच आय-१३१ भरा, परवानगी हातात आल्याशिवाय विमानात बसू नका, आणि आधीचा मुक्काम बेकायदा झाला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. आमच्या वेळी एका एजंटाने मृत्यूच्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन, लागेल म्हणून मुंबईला मंत्रालयात धावायला सांगितलं होतं. त्या तातडीच्या भेटीसाठी अपोस्टिलची अटच नव्हती.

माझ्या बहिणीचा अर्ज अजून प्रलंबित आहे, म्हणून तिचं नाव आणि अर्ज क्रमांक इथे दिलेला नाही. हॉस्पिटलची दोन्ही पत्रं, मृत्यूचा दाखला आणि तिकडच्या कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. मी सुचवलेल्या नमुन्याचा मसुदाही एका डॉक्टरांकडून आणि एका वकिलांकडून तपासून घेतला आहे. आपल्या मंत्रालयाच्या वाणिज्य दूतावास विभागातल्या ज्या अधिकाऱ्याकडे हा विषय जाईल, त्यांना हे सगळं घेऊन भेटायला मी दिल्लीला यायला तयार आहे. वेळ कळवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नाशिककर
इंदिरानगर, नाशिक