शिव्या आम्हाला, सह्या तुमच्या: एका नगरसेवकाचं नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय नगरविकास मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पक्षाचा की विरोधी पक्षाचा ते मुद्दाम लिहीत नाहीये, कारण एकदा पक्ष कळला की पत्र वाचायची गरजच उरत नाही, आणि तसंही हे दुखणं सगळ्याच नगरसेवकांचं आहे, सत्तेतले फक्त ते चहा पिताना बोलतात, माइकवर नाही.

मुद्दा एकच आहे साहेब. ज्याला लोक रस्त्यात अडवून जाब विचारू शकतात त्याच्या हातात अधिकार नाहीत, आणि ज्याच्या हातात आहेत त्याला भेटायला मंत्रालयाचा पास काढावा लागतो.

साधं ड्रेनेज चोकअपचं घ्या. फोन मला येतो, मी जेईला, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याला लावतो, जेई म्हणतो जेटिंग मशीन दुसऱ्या वॉर्डात आहे, शेवटी ते येतं, पाणी उतरतं आणि आठवड्यात परत तुंबतं कारण लाइनच जुनी आणि अपुरी आहे. लाइन बदलायची तर एस्टिमेट, एस्टिमेट झालं तर त्या कामाच्या लेखाशीर्षात पैसे नाहीत, मग दुसऱ्या कामाचे पैसे इकडे वळवायचा वर्गीकरणाचा प्रस्ताव, मग स्थायी समिती, मग टेंडर, आणि वर्क ऑर्डर निघेपर्यंत आयुक्तांची बदली. नवीन साहेब येतात ते आधी शहर समजून घेतात. आयुक्त नेमणार तुम्ही, बदली करणार तुम्ही, त्यामुळे त्यांनी आमच्याकडे बघावं तरी का? सभागृहानं एकूण सदस्यांच्या ५/८ मतांनी ठराव केला तर आयुक्तांना परत बोलवावं लागतं असं कायद्यात आहे म्हणा, पण पुढचे आयुक्त परत तुम्हीच पाठवणार. वर आमचा कुठलाही ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द करायचा अधिकार महापालिका कायद्याच्या कलम ४५१ खाली राज्य सरकारकडे आहेच.

शहरांच्या स्थानिक संस्थांना अधिकार देण्यासाठीची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली. त्यांच्याकडे सोपवायचे १८ विषय घटनेच्या बाराव्या अनुसूचीत आहेत, नगररचनेपासून स्मशानभूमी आणि कोंडवाड्यापर्यंत. यातला कोंडवाडा आम्हाला मिळालाय असं म्हणायला हरकत नाही. नगररचनेचं बघाल तर विकास आराखडा आम्ही करायचा, हरकती-सूचना आम्ही ऐकायच्या, लोकांची तोंडं आम्ही बघायची आणि शेवटी मंजुरी कुणाची, तर राज्य सरकारची, त्यात काय बदललं ते आम्हाला राजपत्रात वाचून कळतं. स्मार्ट सिटीच्या वेळी तर आणखी गंमत, २०१५ नंतर शहराशहरात कंपन्या काढल्या, कामं आमच्या प्रभागात आणि निर्णय संचालक मंडळात.

आणि प्रशासकराज, म्हणजे निवडून आलेलं सभागृह नसताना सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याचा कारभार. घटनेच्या कलम २४३-यू मध्ये स्पष्ट आहे, पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. मुंबई आणि पुण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, औरंगाबाद, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर यांची तर २०२० मध्येच. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना कोर्टात होती हे मान्य, पण शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या. या सगळ्या वर्षांत बजेट झालं, टेंडरं निघाली, पण सभागृहात उभं राहून प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. तुम्ही म्हणाल नगरसेवकांना अधिकार दिले की टक्केवारी सुरू होते. होते, मी नाकारत नाही. पण प्रशासक असताना ती बंद झाली होती का हे एखाद्या ठेकेदाराला खासगीत विचारून बघा.

आता प्रभाग पद्धत, ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा, मग मधल्या सरकारनं तीन केला आणि पुढच्या सरकारनं परत चार. मुंबईत मात्र एका वॉर्डाला एकच नगरसेवक. मुंबईकराला एक माणूस पुरतो आणि बाकीच्या शहरांना चार लागतात, असं का ते आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. चार जणांच्या प्रभागात काय होतं सांगतो. रस्ता झाला की चौघांचे फ्लेक्स लागतात आणि पाणी आलं नाही की चौघंही दुसऱ्याचा नंबर देतात. मतदार एवढा मोठा की घरोघरी जाणं शक्य नाही, मग पॅनल आणि पैसा, अपक्ष कार्यकर्ता तिथेच संपतो. पक्षांना हे सोयीचं आहे हे मलाही कळतं.

पैशाचं थोडक्यात. जकात होती तेव्हा रोज तिजोरीत स्वतःचे पैसे यायचे, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, मग १ जुलै २०१७ पासून जीएसटी आणि त्याची भरपाई तुमच्याकडून. महापालिकेची तब्येत आता तुमच्या हप्त्यावर. केरळनं १९९६ मध्ये योजना निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे सोपवायचं ठरवलं, काही आभाळ कोसळलं नाही तिथं.

माझं मागणं फार मोठं नाहीये. सगळ्या महापालिकांत एक वॉर्ड एक नगरसेवक करा, आणि यापुढे मुदत संपली की किती दिवस प्रशासक चालेल याची मर्यादा कायद्यात घाला. प्रभाग समितीला स्वतःचं बजेट द्या, म्हणजे ड्रेनेजच्या लाइनसाठी मला मुख्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत. क्षेत्रसभांची, म्हणजे वस्तीतल्या मतदारांच्या सभांची तरतूद २००९ पासून कायद्यात पडून आहे, ती लागू करायला तर नवीन विधेयकही नको. हो, क्षेत्रसभा घेतली तर लोक आम्हालाच फाडून खातील, माझे अर्धे सहकारी त्याला विरोध करतील, तरी करा.

येत्या अधिवेशनात यातलं काय होऊ शकतं आणि काय नाही हे लेखी कळवा. 'तपासून सादर करावे' असा शेरा मारून खाली पाठवू नका, तो कागद फिरून परत आमच्याच आयुक्तांकडे येतो.

कळावे,
आपला,
एक नगरसेवक