ब्रान किल्ल्याची परागंदा राजकन्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील रुमानियाच्या ब्रान किल्ल्यावरचा सचित्र लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत. परंतु सगळा लेख ड्रॅक्युलाभोवती फिरावा आणि ज्या राजकन्येला 1948 मध्ये हा किल्ला कायमचा सोडावा लागला तिचा नामोल्लेखही नसावा, हे खटकले. पंधराव्या शतकातील ज्या व्लाद नावाच्या राज्यकर्त्याकडे ड्रॅक्युला म्हणून बोट दाखवले जाते, त्याचा या वास्तूशी संबंध ओढूनताणूनच जोडावा लागतो. राजकन्या इलेआना मात्र येथे राहिली आणि राबलीही.

ब्राशोव्ह शहराने 1920 मध्ये रुमानियाच्या राणी मारीला भेट दिलेला हा किल्ला पुढे तिच्या धाकट्या मुलीला, इलेआनाला मिळाला. (मारीचे वडील म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे पुत्र आल्फ्रेड, मुंबईत आज जेथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे, ते खलाशांचे वसतिगृह त्यांच्याच 1870 मधील भेटीचे स्मारक.) इलेआनाला मायभूमीपासून पहिल्यांदा दूर केले ते कम्युनिस्टांनी नव्हे, तर सख्ख्या भावाने. 1931 मध्ये ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्यातील आंतोन यांच्याशी विवाह झाल्यावर राजा दुसरा कारोल याने या जोडप्याला रुमानियात राहू दिले नाही. महायुद्धाच्या अखेरच्या काळात ती मुलांसह ब्रानला आली आणि 1944 मध्ये तिने तेथे जखमी सैनिकांसाठी इस्पितळ उभारले. त्याचे नाव ‘राणीचे हृदय’. कारण 1940 मध्ये काळ्या समुद्राकाठचे बाल्चिक गाव बल्गेरियाकडे गेल्यावर तेथे मृत्यूनंतर जपून ठेवलेले राणी मारीचे हृदय पेटीसह ब्रानला आणण्यात आले होते. या इस्पितळात इलेआना स्वतः परिचारिकेचे काम करी आणि नवे कम्युनिस्ट सत्ताधारी आल्यावर, ते बंद पडू नये म्हणून, तिने त्यांच्याशीही बोलणी केली. राजनिष्ठांना हे रुचले नसेल. मला मात्र तिच्या चरित्रातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

30 डिसेंबर 1947 रोजी तिचा भाचा राजा मिहाय याला पदत्याग करायला लावून राजेशाही संपवण्यात आली आणि पुढच्याच महिन्यात इलेआनाने सहा मुलांसह देश सोडला. स्वित्झर्लंड, अर्जेंटिना आणि 1950 पासून अमेरिका असा तो प्रवास. आईचा नीलमण्यांचा मुकुट तिने रात्रीच्या झग्यात गुंडाळून अमेरिकेत नेला आणि देणी भागवण्यासाठी विकला. परागंदा झालेल्या सामान्य रुमानियनांपाशी विकायला असे काही नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. तरीही मुकुटाच्या पैशावर आयुष्य निघाले नाही. बोस्टनजवळ राहून तिने व्याख्याने देत आणि लेखन करत संसार चालवला.

दोन विवाह मोडल्यानंतर तिने ऑर्थोडॉक्स पंथाची संन्यासदीक्षा घेतली आणि मदर अलेक्झांड्रा या नावाने पेनसिल्व्हेनियातील एलवुड सिटी येथे स्त्रियांसाठी मठ स्थापन केला. 1981 पर्यंत ती त्याची प्रमुख होती. कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर, 1990 मध्ये, तिला पुन्हा रुमानिया पाहता आला. जानेवारी 1991 मध्ये तिचे निधन झाले.

सरकारने 2006 मध्ये हा किल्ला तिच्या मुलांना परत केला, म्हणूनच आज पर्यटक तेथे तिकीट काढून जातात ते खासगी संग्रहालयात. लेखात दिलेल्या प्रवासमाहितीत निदान एवढा तपशील तरी यायला हवा होता. पुरवणीच्या पुढील एखाद्या अंकात इलेआनावर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली