उइघुर खानावळीत जायचे असेल तर

फेअरफॅक्स, व्हर्जिनिया

प्रिय अनिरुद्ध,

सप्रेम नमस्कार.

तू इकडे आलास की तुला कोठे जेवायला न्यायचे हे मी ठरवून ठेवले आहे. मात्र तेथे गेल्यावर जेवण मिळेलच असे नाही, म्हणून आधीच लिहितो. उइघुर म्हणजे चीनच्या शिनजियांग भागातले मुस्लिम लोक; अमेरिकेतील त्यांची सर्वांत मोठी वस्ती वॉशिंग्टनभोवतीच्या या उपनगरांत आहे, आणि त्यांतल्याच एका कुटुंबाने लाँड्रीशेजारच्या गाळ्यात ही पाच-सहा टेबलांची खानावळ थाटली आहे.

दारावरच्या वेळापत्रकावर विसंबू नये. शुक्रवारी दुपारी गेलो तर नमाजासाठी कुलूप. एका रविवारी संध्याकाळी दिवे चालू होते, पण पीठ संपल्याचे मालकीणबाईंनी शांतपणे सांगितले. नवे पीठ मळायला असा किती वेळ लागतो, असे मनात म्हणत मी चडफडत परतलो. पुढे स्वयंपाकघराच्या खिडकीतून सारे पाहिले, तेव्हा उलगडा झाला. मिठाच्या पाण्यात मळलेला मैदा मुरला की त्याच्या बोटभर जाडीच्या वळ्या करून, तेल चोपडून, परातीत गोल गोल रचून त्या पुन्हा मुरत ठेवतात. ऑर्डर आल्यावरच ती वळी दोन्ही पंजांवर गुंडाळून ओढायची, ओट्यावर आपटायची आणि थेट उकळत्या पाण्यात सोडायची. पीठ पुरते मुरले नसेल तर ओढताना तुटते. हे सारे करणारे हात एकाच माणसाचे.

या नूडल्सना लगमान म्हणतात. वर मटण, टोमॅटो, मिरची आणि लसूण मोठ्या आचेवर परतून घालतात. कोळशावरच्या कबाबांवर जिरे आणि तिखट इतके सढळ हाताने भुरभुरलेले असते की आपल्या जिभेला परके वाटू नये. गाजर-मटणाचा पोलो, म्हणजे पुलाव, रोज नसतो, असला तर सोडू नकोस. दापानजी, म्हणजे बटाटे घातलेली कोंबडी, परातीएवढ्या थाळीत येते आणि उरलेल्या रश्श्यात रुंद नूडल्स घालून देतात. लोक तिच्यावर तुटून पडतात, पण माझ्या मते ती आकारामुळेच जास्त गाजली आहे. वहिनींसाठी भाज्यांचे लगमान करून देतील. मात्र कढई तीच असते, हे त्यांना आधी सांगून ठेव.

आणखी एक. भिंतीवर शिनजियांगमधल्या काशगर शहरातील ईदगाह मशिदीचे चित्र आहे. 2017 पासून चीन सरकारने तेथे दहा लाखांहून अधिक लोकांना छावण्यांत डांबल्याचा अंदाज आहे, आणि इकडच्या कितीतरी घरांचा तिकडच्या नातेवाइकांशी संपर्क तुटला आहे. तेव्हा 'गावाकडे कोण कोण असते?' हा आपला नेहमीचा आपुलकीचा प्रश्न तेथे विचारू नकोस. मालकीणबाई आपण होऊन बोलल्या तर ऐकावे.

आपण शनिवारी दुकान उघडण्याच्या वेळीच जाऊ. टेबल राखून ठेवत नाहीत, पण आदल्या दिवशी फोन केला तर सांगितलेल्या माणसांपुरते पीठ बाजूला ठेवतात. तुमचे चौघांचे नक्की ना, ते कळव. मी धरून पाच होतील.

तुझा,
सुहास