आई-बाबांना, टोकियोतल्या निशी-कासाईहून

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईनं विचारलं, "रात्री काय जेवलास?" मी "जेवलो गं" म्हणून विषय बदलला. सांगायचं वेगळंच होतं, ते तोंडातून निघेना. इथली नोकरी मी आणखी तीन वर्षं करणार आहे. सोमवारी सही केली.

आधी विचारायला हवं होतं. पण तुम्ही "तुझं चांगलं होतंय ना, मग राहा" म्हणाला असता आणि रात्रभर दोघांचाही डोळा लागला नसता. घराचं कर्ज फिटेल, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकलावं लागणार नाही. दसऱ्याला कायमचा येतो म्हणालो होतो. आता दिवाळीला येईन, पंधरा दिवसांसाठी. रागवा, पण फोनवर बोला.

आणि आई, माझ्या पोटाची काळजी करू नकोस. इथं तूरडाळ, कणीक सगळं मिळतं. उशीर झाला की मी याकिसोबा करतो, म्हणजे भाज्या घालून परतलेल्या जपानी नूडल्स. सोबा म्हणजे खरं तर कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स, पण नावात 'सोबा' असला तरी या गव्हाच्याच, वाफवून पाकिटात भरलेल्या, उकडाव्या लागत नाहीत. लोक डुकराचं मांस घालतात, मी नाही घालत. कोबी, गाजर आणि मोयाशी, म्हणजे आपले मूगच, फक्त मोड बोटभर लांब वाढवलेले. वरून लाल आल्याचं लोणचं.

पहिल्यांदा केल्या तेव्हा गार नूडल्स तव्यात टाकून लगेच ढवळायला लागलो. सगळा चुरा झाला. मग तू शेवयांचा उपमा करतेस तो आठवला. तू पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचीस आणि मी डाव घ्यायला गेलो की हातावर चापट. "एक वाफ येऊ दे, मग हात लाव." आता तसंच करतो. भाजी परतून वर नूडल्स, दोन-तीन चमचे पाणी, झाकण. वाफेनं त्या आपोआप सुटतात. मग सॉस घालून मोठ्या आचेवर परतायचं, पाणी आटेपर्यंत. सॉस आंबटगोड असतो, तव्यावर जरा करपला की त्याचा वास घरभर सुटतो. त्या वासाला मला हमखास आपलं स्वयंपाकघर आठवतं. का, ते सांगता येत नाही. सॉसचा वास तुझ्या कुठल्याच पदार्थासारखा नाही.

बाबा, पाकिटावर मीठ किती ते छापलेलं असतं. वाचून दचकलो, आता सॉसची पुडी अर्धीच घालतो. तुम्हीही ऐका. दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यात पापड-लोणचंही आलं. ताटात डाव्या बाजूला मीठ वाढून घ्यायचं बंद. बीपीची गोळी सकाळी चहाआधी, "नंतर घेतो" चालणार नाही. माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढायचं नाही, शेजारच्या पोराला हाक मारा. आई, दवाखान्याची तारीख दिवाळीआधीची घे. मी आहे तोवर तू चालायला लागलेली मला बघायचीय.

दिवाळीला चार पाकिटं आणतो. एका रात्री तू ओट्यापाशी खुर्ची टाकून बस, मी करतो. झाकण कधी काढायचं ते मात्र तूच सांग.

तुमचा,
बाळ