वॉचमनच्या एजन्सीला परवाना, मावशींच्या ब्युरोला काहीच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकातल्या छोट्या जाहिरातींत हल्ली ‘पेशंट सांभाळण्यासाठी मावशी, सिस्टर, ब्रदर मिळतील, २४ तास’ अशा ओळी वाढत चालल्या आहेत. खाली एक मोबाइल नंबर, नाव नाही की पत्ता नाही. गरज खरीच आहे. नाशिकमध्ये इंदिरानगर, कॉलेज रोड, गंगापूर रोडकडच्या कितीतरी फ्लॅटांत आता आजी-आजोबाच उरलेत. मुलं पुण्याला, नाहीतर परदेशात. हॉस्पिटलंही नाकात नळी असलेल्या पेशंटला ‘आता बाकीचं घरीच करा’ म्हणत डिस्चार्ज देतात. मग कुणीतरी तो नंबर फिरवतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक अनोळखी बाई पिशवी घेऊन दारात उभी राहते.

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. ओळखीचे लोक ‘सिस्टर, जरा येऊन बघून जा ना’ म्हणतात, त्यामुळे अशी बरीच घरं आतून पाहिली आहेत. घरच्यांचं बोलणं बहुतेक दोनच गोष्टींवर चालतं: मावशी स्वभावाने कशी आहे आणि दिवसाचे किती घेते. ब्युरोवाला, म्हणजे अशी माणसं पुरवणारा तो नंबरवाला, तिला पाठवून दिल्यावर पुन्हा कधी फिरकतो का, हे कुणी काढत नाही. माझ्या मते सेवा चांगली की वाईट, ते तिथेच कळतं. चांगली बाई नशिबानेही मिळून जाते. पण तिला ताप आला तर बदली किती वाजता येणार, रात्री दोनला पेशंटची नळी निघाली तर फोन कोण उचलणार, तिचं काम आठवड्यातून एकदा तरी एखादी जाणती नर्स येऊन बघणार का? ब्युरो पैसे घेतो ते याचे. आगाऊ रक्कम देण्याआधी एकदा रात्री उशिरा त्या नंबरवर फोन लावून पाहा, बरंच काही समजेल.

एका घरात फ्रिजवर वही लटकवलेली होती. कूस बदलली, पाणी, लघवी, शुगर, बीपी, गोळ्या, सही, सगळे रकाने व्यवस्थित आखलेले. मुलगा कौतुकाने दाखवत होता. मी पानं चाळली. आठवडाभर बीपी १२०/८०, सकाळीही तेच आणि रात्रीही तेच, दिवसपाळी आणि रात्रपाळीच्या दोन बायकांचं अक्षर एकच आणि पेनही एकच. आजोबांच्या टाचा उचलून पाहिल्या तर डाव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणारी जखम, सुरू होते ती अशीच. दर दोन तासांनी कूस बदलली असती आणि पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली असती तर तो डाग आला नसता. घरच्यांनी हॉलमध्ये कॅमेरा लावलेला होता. मावशी मोबाइलवर किती वेळ असते याचा हिशोब त्यांच्याकडे चोख होता. कॅमेऱ्यात मारहाण दिसेल, टाच दिसत नाही. आंघोळीच्या वेळी घरातल्या कुणीतरी पाठ, माकडहाड आणि टाचा स्वतः पाहाव्यात, दंडावर वळ किंवा काळे-निळे डाग नाहीत ना तेही बघावं. झोपेच्या गोळ्यांची पाकिटं अधूनमधून मोजावीत. दिवसभर गुंगीत असलेला पेशंट सांभाळायला सोपा जातो, हे कटू असलं तरी खरं आहे.

दुसरा घोळ पांढऱ्या एप्रनचा. एप्रन घातला की लोक ‘सिस्टर’ म्हणतात आणि ब्युरो सिस्टरचा दर लावतो. नर्सिंगमध्ये एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन, बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा, आणि काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. सिस्टर म्हणून पाठवलंय ना, मग नोंदणी क्रमांक मागा आणि ती चालू आहे का ते पाहा. मावशीने मावशीचं काम करावं. पुसणं, भरवणं, कूस बदलणं, धरून चालवणं यातही कसब लागतं आणि मला त्या कामाचा आदरच आहे. पण इन्शुलिन, नाकातली नळी, कॅथेटर (लघवीची नळी) आले की गोष्ट बदलते.

इन्शुलिनचंच घ्या. आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन बहुधा एका मिलीला ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटवाल्याची सिरिंज केशरी टोपीची. पेनमधलं १०० युनिटचं इन्शुलिन कुणी लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ओढलं आणि २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात ५० युनिट जातात. अडीचपट! शुगर झपाट्याने उतरते, घाम फुटतो, आणि घरच्यांना वाटतं आज आजी लवकर झोपल्या. नव्या मावशीला एवढा एकच प्रश्न विचारा, ही टोपी लाल का आहे? उत्तर आलं नाही तर सुई तिच्या हातात देऊ नका. तसंच नाकातल्या नळीने भरवताना उशाची बाजू निदान ३० ते ४५ अंश उंच हवी, आणि नंतरही अर्धा-पाऊण तास पेशंटला आडवं करायचं नाही, नाहीतर दूध फुप्फुसात उतरतं. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच राहायला हवी. व्हीलचेअरवर बसवताना ती मांडीवर ठेवलेली मी कितीदा पाहिली आहे! ऑक्सिजनचं मशीन असेल त्या खोलीत निरांजन नको, उदबत्ती नको. देव रागावत नाहीत.

आता कायद्याचं. सोसायटीच्या गेटवर वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या केंद्रीय कायद्याने परवाना लागतो. रक्षकाच्या चारित्र्याची पडताळणी आणि प्रशिक्षण बंधनकारक आहे. हॉस्पिटलला १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली महापालिकेकडे नोंदणी करावी लागते, पण तो कायदा इमारतीचा, जिथे पेशंट ठेवले जातात त्या जागेचा. गेटवर नव्हे तर थेट आजींच्या पलंगाशी माणूस पाठवणाऱ्या ब्युरोसाठी असा वेगळा परवानाच नाही. भिंतीवर शॉप अ‍ॅक्टचा कागद फ्रेम करून ‘सरकारमान्य’ लिहिलेलं असतं. तो कागद दुकान उघडल्याची नोंद आहे, शुश्रूषेच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही. आधार कार्डाच्या झेरॉक्सला ‘पोलिस व्हेरिफिकेशन’ म्हणून खपवतात तेही तसंच. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा त्यात होता. ते मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळलं.

या सगळ्यात मावशीच्या बाजूने कुणी बोलत नाही. पेठ-सुरगाण्याकडच्या मुली येतात, चोवीस तासांच्या कामावर महिनोन्‌महिने राहतात, पॅसेजमध्ये सतरंजीवर झोपतात आणि रात्री तीन वेळा उठतात. जड माणसाला एकटीने उचलतात. तिची झोप झाली नसेल तर सकाळच्या गोळ्या चुकणारच, त्याचा दोष एकट्या तिच्यावर ढकलून कसं चालेल? तुम्ही दिलेल्या पैशांतले तिच्या हातात किती पडतात आणि आठवड्याची सुट्टी मिळते का, हेही विचारा. टाळाटाळ करणारा ब्युरो पेशंटच्या बाबतीतही तसाच वागतो, हा माझा अनुभव. शिवाय कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्यात घरही ‘कामाची जागा’ धरलेलं आहे, याची कल्पना ना घरच्यांना असते ना तिला.

राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे, मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाजवळ. दोन्ही आपल्याकडेच असताना मावशींसाठी घरच्या शुश्रूषेचा छोटा मराठी अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष परीक्षा नाशिकमध्ये घडवून आणणं अवघड नसावं. महापालिकेच्या आरोग्य विभागाने निदान शहरातल्या ब्युरोंची यादी करावी: मालकाचं नाव, पत्ता, देखरेख करणाऱ्या नर्सचा नोंदणी क्रमांक, तक्रारीसाठी कोण. आणि वर्तमानपत्रांनीही एवढं करावं की नाव-पत्ता दिल्याशिवाय अशी जाहिरात छापू नये. दोन ओळींचे पैसे बुडतील, बुडू द्यात.

सध्या कुणाच्या घरी हयगय किंवा मारहाण झाल्याचा संशय असेल, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालते, आणि तातडीचं असेल तर ११२ आहेच. पैशांची फसवणूक किंवा ठरलेली सेवा न मिळणं यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पण त्यासाठी पावती आणि लेखी करार हवा. ब्युरोवाले बहुतेक वेळा तोंडीच बोलतात आणि रोख मागतात, तेव्हा पहिल्याच दिवशी कागद करून घ्या.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
इंदिरानगर, नाशिक