बंद विदा ठेवायचा कुठे?

महोदय,

रुग्णांच्या मुलाखती किंवा गावपाहणीचा विदा (डेटा) 'मागितल्यास मिळेल' असे शोधनिबंधात लिहून मोकळे होणे सोपे. पण मागणी आल्यावर होकार कोण देणार? विदा जपून ठेवणारे ऑनलाइन भांडार निवडताना हाच प्रश्न आधी विचारावा.

सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या झेनोडो भांडारावर फाइली 'रिस्ट्रिक्टेड' (मर्यादित प्रवेश) ठेवता येतात, पण परवानगी देणारा सहसा असतो विदा चढवणाराच. तो संस्था सोडून गेला, जुना ईमेल बंद पडला, की कुलूप उघडणे अवघड. डेटाव्हर्स या भांडार-प्रणालीमध्ये एकेक फाइल बंद ठेवता येते आणि परवानगी देण्याचे काम संस्थेच्या ग्रंथालयाकडे सोपवता येते; मला हे बरे वाटते. मानवी जनुकीय विदासाठी युरोपातील ईजीए (युरोपियन जीनोम-फीनोम आर्काइव्ह) हे भांडार आहे. तिथे निर्णय विदा-प्रवेश समिती घेते. आपल्याकडे फरीदाबादचे इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरही आहे.

एम्बार्गो म्हणजे मर्यादित प्रवेश नव्हे. ठरलेली तारीख उलटली की फाइल आपोआप खुली होते. संवेदनशील विदासाठी तो पर्याय निवडूच नये.

फाइल बंद असली तरी शीर्षक आणि वर्णन सर्वांना दिसते. तिथे गावाचे नाव नको. नाव पुसले, पण गाव, वय ३४ आणि 'अंगणवाडी सेविका' राहिले, तर बाई कोण हे पंचक्रोशीत कोणीही सांगेल. गावाऐवजी तालुका, वयाऐवजी ३०-३४ असा गट करावा.

आणि संमतीपत्रात 'माहिती फक्त आमच्याकडेच राहील' असे छापले असेल, तर कोणतेही भांडार उपयोगी नाही. ते वाक्य पाहणीआधीच बदलून नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्यावे लागते.

— एक विदा व्यवस्थापक, पुणे