मायनर की मिनी?

महोदय,

आपल्या पुरवणीतील जुन्या ब्रिटिश मोटारींवरील लेखात मॉरिस मायनरपेक्षा मिनी सरस ठरवली आहे, ते एकांगी वाटते. दोन्ही गाड्यांची रचना अभियंते अ‍ॅलेक इसिगोनिस यांचीच. १९५६च्या 'मायनर १०००'चे इंजिन ९४८ सीसीचे, ३७ अश्वशक्तीचे; १९५९च्या मिनीचे ८४८ सीसीचे, ३४ अश्वशक्तीचे. तरीही इंजिन गाडीच्या रुंदीत आडवे बसवून, गिअरबॉक्स त्याच्याच खाली ऑइल सम्पमध्ये (इंजिनच्या तळाच्या तेलपात्रात) सामावून, दहा फुटांच्या गाडीत चार माणसांची सोय करणे ही कमालच, हे मान्य. मात्र मिनीची चाके अवघी दहा इंची, मायनरची चौदा इंची. शिवाय मिनीचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटून देणारा भाग) पुढच्या जाळीमागेच असल्याने पावसात भिजून गाडी बंद पडे. परभणीकडच्या काळ्या मातीच्या शेतरस्त्यांवर, तेही आषाढात, मी डोळे झाकून मायनरच निवडीन.

— एक वाचक, परभणी